सुताराची जागा

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई वरून तर साधी दिसत होती. माझ्या मावसभावानं माझा सुतार पेटीतून काढला, तोही माझ्या पाठीमागं. त्याची मी कशी जिरवली ते सांगते.

पेटी म्हणजे पत्त्यांची. रमीचे पत्ते नव्हेत. चित्रांचे, प्रत्येकाची ताकद वेगळी, ती खाली लिहिलेली. लोक तयार गड्ड्या आणून खेळतात. आम्ही कैक वर्षं एकेक पत्ता निवडून आमची स्वतःची पेटी भरली. खेळायच्या वेळी पत्ते पिसून प्रत्येकाला मूठभर वाटायचे. त्यातला एक आपण ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. असं फिरत फिरत ज्याची त्याची गड्डी बनते, मग लढायचं. लातूरला आमच्या भांड्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी हे चालायचं. मी, समोरचा मेडिकलवाला, शिकवणीत फिजिक्स शिकवणारे एक सर, आणि नांदेडहून येणारा हा मावसभाऊ. पेटी सुरू केली ती मी आणि त्यानं मिळून.

बाजारात नवे पत्ते येतच राहतात, म्हणून आमचा एक कायदा होता. एक आत, एक बाहेर. आणि जो बाहेर जाणार, तो ज्यानं आणला त्याच्या देखत काढायचा. का काढतोय ते तोंडावर सांगायचं. भांडणं व्हायची, सर तर एकदा चहा तसाच ठेवून जिना उतरले होते. पण पाठीमागून पेटीला कुणी हात लावला नव्हता.

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं म्हणून मी किल्लारीला गेले. परत येऊन पेटी उघडली तर नुसती चकचक. जुने पत्ते उपसून खिडकीत एका कॅरीबॅगमध्ये कोंबलेले, आणि त्यांच्या जागी नवे. कॅरीबॅगेत सगळ्यात वर माझा सुतार, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला. मी आणलेला पहिला पत्ता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मावसभावाला फोन लावला. तो हसूनच बोलला. "आक्का, तो काय कामाचा गं? कुणी आधी उचलतंय का त्याला? खामखा जागा अडवून बसला होता. त्याच्या जागी वणवा टाकलाय. एकदा पडला की समोरच्याचं सगळं खाक. लई भारी पत्ता हाय."

"मला विचारायचं होतंस."

"तू असतीस तर काढू दिला असतास का?"

खरंय, नसता दिला. सुतार कुणी आधी उचलत नाही हेही खरं. तो फिरत फिरत शेवटी ज्याची गड्डी कच्ची राहिलेली असते त्याच्याकडं जातो, आणि लढताना त्याचा मेलेला एक पत्ता पुन्हा उभा करून देतो. बस, एवढंच काम त्याचं. पण त्यामुळं हरणारा माणूस आणखी थोडा वेळ टिकतो, दात-ओठ खातो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जिना चढतो. हे मी त्याला फोनवर समजावून सांगू शकले असते. नाही सांगितलं. माझ्या मनात दुसरंच आलं होतं.

"बराबर हाय तुझं," मी म्हणाले. "नव्या पत्त्यांची पारख तुलाच. पेटी नांदेडलाच घेऊन जा ना. तिथल्या पोरांना बोलाव, दाखव."

गडी असा खूश झाला की पुढच्याच रविवारी येऊन घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. रात्री मात्र झोप येईना. पेटी परतच आली नाही तर? त्याचं तिथं चांगलं जमलं तर? मग आमचा रविवार गेला, आणि माझ्या हातानं गेला. पण राग असा होता की म्हटलं, जाऊ दे गेला तर.

पहिल्या बैठकीला त्यानं आम्हा लातूरवाल्यांनाही बोलावलं. निघताना मी खिडकीतले सगळे जुने पत्ते एका बिस्किटाच्या डबीत भरले आणि डबी पिशवीत घातली. का घेतली, तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नांदेडला त्यानं सतरंजी अंथरली होती, भजी तळायला टाकली होती. खेळ सुरू झाला. ज्याच्याकडं वणवा, त्यानं तो टाकायचा आणि समोरच्यानं हात झाडून बसायचं. वणवा नाही तर पूर, पूर नाही तर धरणीकंप. सगळेच पत्ते भारी, एकाला दुसऱ्याची गरज नाही. भजी तळून यायच्या आत डाव खलास! हरलेली पोरं मोबाईल बघत बसली, जिंकणाऱ्यालाही जांभया. मेडिकलवाला पायावर पाय टाकून छताकडं बघत बसला होता. मी हसू दाबून भजी खात होते.

शेवटी सर बोलले, "लातूरला मजा यायची राव. तो सुतार होता ना तेव्हा."

मावसभावानं माझ्याकडं पाहिलं. तोंड उतरलं होतं त्याचं.

"आक्का, जुने पत्ते आणलेस का गं?"

डबी माझ्या मांडीवर होती. झाकणावर माझा हात होता.

"न्हाई," मी म्हणाले.

काय बरं वाटलं म्हणून सांगू! परतीच्या गाडीत लातूर येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

नंतर कळलं, नांदेडची पोरं पुन्हा आलीच नाहीत. थोड्याच दिवसांनी एका रविवारी, सर आणि मेडिकलवाला बसलेले असताना, हा पेटी घेऊन जिना चढला आणि ती माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "तूच बघ आता."

बघितली. एकेक नवा पत्ता त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, "हरणारा हा उचलेल का? याच्यामुळं दुसऱ्या कुठल्या पत्त्याला किंमत येते का?" तो नकारार्थी मान हलवत गेला आणि ते पत्ते बाजूला पडले. एक नावाडी तेवढा निघाला, दुसऱ्या पत्त्याला पाठीवर घेऊन पार नेणारा. चांगला होता मेला. मला त्याचाही राग आला, पण त्याची जागा मी पक्की केली. पेटीशी माझं वैर नव्हतं.

मग वणवा निघाला.

"आक्का, हा राहू दे ना. लई जीव हाय माझा याच्यावर."

"काढ. मी काढणार न्हाई. तू, माझ्या देखत. आणि का काढतोस ते सांग."

त्याचे डोळे भरून आले. मला दया आली नाही. सरांनी खाली पाहिलं.

"एकदा पडला की खेळच उरत न्हाई," तो कसाबसा बोलला आणि वणवा बाहेर काढला. पेटीत आणखी एक जागा रिकामी झाली. "आता सुतार?"

मी पिशवीतून डबी काढली, सुतार उचलून त्याच्या जागी ठेवला. मावसभाऊ डबीकडं बघत राहिला.

"ही डबी... नांदेडला होती की गं तुझ्या मांडीवर."

"होती," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातला वणवा घेऊन त्याच डबीत टाकून झाकण लावलं.