टांझानियाला गोल, मोझांबिकला त्रिकोण

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे तिला मीच शिकवलं होतं.

ती मोझांबिकची, मी कोकणातली, आणि आमची गाठ पडली जपानात, एदोगावातल्या जपानीच्या वर्गात. वॉर्डाच्या सभागृहात शनिवारी सकाळी परदेशी बायकांसाठी हा वर्ग भरतो. सत्तरी गाठलेल्या एक निवृत्त शिक्षिका तो घेतात, आम्ही सगळ्या त्यांना सेन्सेई म्हणतो. मी तिथलं जुनं खोड. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे येऊन बरीच वर्षं झाली, जपानी बोलता येतं, बऱ्यापैकी वाचता येतं, म्हणून सेन्सेईंनी मला मदतनीस करून टाकलं. त्याचा मला थोडा माज होता, खोटं कशाला बोलू.

एकदा मी वर्गात नारळाच्या वड्या नेल्या. बाकीच्यांनी भिडेखातर एकेक तुकडा घेतला. हिने मात्र एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाली की हे तर माझी आईसुद्धा करते. मग तिला डबाच देऊन टाकला. पुढच्या शनिवारी तो लख्ख घासून परत आला, रिकामा. मी हसत हसत सांगितलं, बाई गं, आमच्याकडे असं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. तिने ते असं मनावर घेतलं की त्यानंतर माझा एकही डबा रिकामा आला नाही. कधी काजू, कधी केळ्याची भजी, आणि एकदा तर पालकात दाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून केलेली भाजी. तिकडे ती कसाव्याच्या पाल्याची करतात. माझा नवरा दोनदा वाढून घेऊन म्हणाला, ही आपल्या अळूच्या फदफद्याची चुलत बहीण दिसतेय.

मग येणंजाणं वाढलं. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच शाळेत, एकाच वर्गात. चारच्या सुमाराला पोरी आतल्या खोलीत जपानीत चिवचिवत बसायच्या आणि आम्ही ओट्याशी. मी चिपळूणहून सामानात दडवून आणलेली खवणी तिला दाखवली, तर ती तिच्यावर बसूनच दाखवायला निघाली. तिच्या आजीकडे तसलीच होती, बुटक्या स्टुलाला पातं लावलेली. आम्हा दोघींची समाईक भाषा जपानी, तीही मोडकीतोडकी, पण नारळ खवताना भाषा लागते किती!

एकदा बोलता बोलता छपराचा विषय निघाला. वादळात माझ्या आईच्या घराचे पत्रे उडाले होते, ते मी तिला सांगितलं. आई रात्रभर देवघराच्या कोपऱ्यात डोक्यावर परात धरून बसली होती, आणि मी इथे फोन लागत नाही म्हणून रडत होते. ते ऐकून ती हात पुसत उठली. मग तिने फोन काढला. तिच्या आईचंही छप्पर वादळात गेलं होतं. फोटोत भिंती उभ्या, वर नुसतं आभाळ, आणि दारात तिची आई, कमरेला त्यांचं ते रंगीत छापील कापड, इस्त्री केलेलं. बाजूला नव्या कोऱ्या पत्र्यांची थप्पी. ते पत्रे हिने इथल्या कमाईतून पाठवले होते. कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानांत, मिळणारे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात ती जाते. पत्रे आले त्या दिवशी आईने मुद्दाम नटून फोटो काढून घेतला होता, शेजारीपाजारी छप्पर घालायला जमायच्या आधी. दोघी मिळून त्या दिवशी आम्ही खूप हसलो. छप्पर गेलं तरी इस्त्री मोडायची नाही, अशा त्या बायका.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतोय.

शरद ऋतूत वॉर्डाचा मेळावा असतो. सेन्सेईंनी ठरवलं की आपल्या वर्गातर्फे दोन फलक लावायचे. एक भारताचा आणि दुसरा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या दोन शेजारी देशांचा, टांझानिया आणि मोझांबिक, कारण टांझानियाची एक बाई नुकतीच वर्गात आली होती. दार-एस-सलामची, मोठ्या आवाजात बोलणारी, मनाने मोकळी. सेन्सेईंना वाटलं, एकच समुद्र, एकच वारे, एकसारखे नारळ, तर लोकांचं राहणीमान शेजारीशेजारी बघायला मजा येईल. दोन्ही फलक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मी हौसेने घेतलं.

आता आमच्या घरात वाढलेल्या माणसाला तुलना करा म्हटलं की काय होतं, ते सांगते. माझ्या लहानपणी निकाल घेऊन घरी आलं की पहिला प्रश्न असायचा, समोरच्यांच्या मुलीला किती? दोन मुली शेजारी उभ्या केल्या की एक पुढे आणि एक मागे, तिसरी सोय नाही. देशांचंही मी तेच केलं. वीज, शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी. आणि इथल्या शाळेत मास्तर वहीवर देतात तशा खुणा. बरोबर असेल तर गोल, अर्धवट असेल तर त्रिकोण. टांझानियाच्या रांगेत गोलच गोल, मोझांबिकच्या रांगेत त्रिकोण. टांझानियाखाली दार-एस-सलामच्या उंच इमारती आणि नवी विजेची रेल्वे. मोझांबिकच्या राजधानीतही उंच इमारती आहेत, खाडीवर भलामोठा झुलता पूल आहे, तो मी स्वतः इंटरनेटवर पाहिला होता. पण तो लावला तर फरक दिसेना. वर्षानुवर्षं चाललेलं यादवी युद्ध, आणि त्या किनाऱ्यावरची वादळं मोझांबिकलाच जास्त झोडपतात, हेही मी वाचलं होतं. पण त्याला जागा पुरेना. मग मला तिचा फोटो आठवला.

तिला विचारलं मी, नाही असं नाही. आईचा फोटो फलकावर लावू का? ती केवढी खूश झाली. आईला लगेच कळवते म्हणाली. तो चौकटीत बसेना, म्हणून मी तो एका बाजूने कापला. पत्र्यांची थप्पी गेली. पूर्ण फोटो जरा छोटा करूनही बसवता आला असता. खरं कारण असं की, थप्पी गेल्यावर फोटो जास्त बोलत होता. खाली मी सुबक जपानीत लिहिलं की इथली घरं कच्ची असून वादळात टिकत नाहीत, लोकांचं जीवन हलाखीचं आहे.

आणि भारताच्या फलकावर? गणपती, पैठणी, मेट्रो, रॉकेट. माझ्या आईच्या घराचं नाव नाही, गावाच्या विहिरीचं नाव नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी मुलीला शिकवली होती, उदाहरणासकट.

मेळाव्याच्या दिवशी ती नटून आली. कमरेला तसंच छापील कापड, आईच्यासारखं. तिला चित्रलिपी वाचता येत नाही, म्हणून मुलीला पुढे करून तिने फलक वाचायला सांगितला. मी दोन हात अंतरावर उभी होते, कौतुक ऐकायला. पोरगी वीज, शाळा, दवाखाने असं खणखणीत वाचत गेली. आजीच्या फोटोपाशी आली, पहिला अर्धा मजकूर वाचला आणि थांबली. आई म्हणाली, वाच. मुलीने मान हलवली. आईने पुन्हा सांगितलं, तेव्हा तिने हळू आवाजात शेवटपर्यंत वाचलं आणि मग तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. फोटोच्या कापलेल्या कडेवर तिने बोट ठेवलं होतं, त्यामुळे काय विचारलं ते मला कळलं.

माझी मैत्रीण मला थँक्यू म्हणाली. फलक सुरेख झालाय म्हणाली आणि गेली.

टांझानियाची बाई मात्र मनात ठेवणारी नव्हती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की तिच्या मावशीच्या गावातही संध्याकाळी दिवे जातात, तिथेही पाणी डोक्यावरून आणतात, मग तिच्या बाजूला फक्त शहर आणि हिच्या बाजूला फक्त खेडं असं का. मी जागेची अडचण सांगितली. त्याच वेळी सेन्सेई येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या की फरक किती स्वच्छ कळतो, आणि मी चक्क लाजून कमरेत वाकले. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आता.

पुढच्या आठवड्यात माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता सांगू लागली की वर्गातल्या मुली तिच्या मैत्रिणीला आपल्या जुन्या पेन्सिली देत होत्या. सगळ्या तिला ‘कवाइसो’ म्हणत होत्या. म्हणजे बिचारी. मुलीने विचारलं की ती कशाने बिचारी झाली, मागच्या आठवड्यापर्यंत तर नव्हती. मी तिला हातपाय धुवायला पाठवलं.

मग एका संध्याकाळी माझ्या मैत्रिणीच्या इमारतीवरून सायकलने जाताना दिसलं. तिच्या दाराच्या मुठीला कागदी पिशव्या अडकवलेल्या होत्या. धुतलेले, घडी घातलेले लहान मुलांचे कपडे, वर नीट अक्षरातली चिठ्ठी, तिकडे पाठवा म्हणून. ज्यांनी ठेवल्या त्यांचं काही चुकलं नव्हतं. चांगल्या मनाने ठेवल्या होत्या, आणि हे जास्त वाईट होतं, कारण रागवायला माझ्याखेरीज दुसरं कुणी उरत नव्हतं. चिठ्ठी वाचण्यापुरती थांबले, पण दार वाजवलं नाही. खरं सांगते, पेडल जरा जोरातच मारलं.

शनिवारी ती वर्गाला आली नाही. आपल्या मुलीच्या हाती माझा डबा पाठवला होता. मी झाकण उघडलं. घासूनपुसून कोरडा केलेला, आत काही नाही. साखरेचा कणसुद्धा नाही. लोकांना वाटेल, डबा तो काय आणि त्याचं एवढं काय. पण नियम मीच शिकवला होता, आणि तिने तो किती नीट पाळला होता हे मला ठाऊक होतं. मी ओट्याला टेकून रडले.

दोन दिवस कुढत काढल्यावर बेसनाचे लाडू वळले आणि गेले तिच्या दारात. तिने आत घेतलं, चहा केला, माणुसकीला कमी पडली नाही. मी माफी मागितली. जपानीत माफीचे शब्द ढीगभर आहेत, मी सगळे वापरले. चुकलं, घाईत झालं, फोटो चौकटीत बसत नव्हता, तुला दुखवायचा हेतू नव्हता. ती खाली बघत कप फिरवत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “छप्पर तर दोघींच्या आयांचं उडालं होतं. तुझ्या आईचं कुठे होतं त्या भिंतीवर?”

आवाज चढवला नाही तिने.

घरी आले ती एका निश्चयाने. वर्गात पुढचा फलक लावायचा तर आईच्या घराचा फोटो लावायचा, पत्रे उडालेला, आणि खाली लिहायचं की हे माझं घर. म्हणजे एकदाची फिटंफाट. तिकडे दुपार होती. आईला फोन लावला आणि म्हटलं, वादळानंतर शेजाऱ्यांनी फोटो काढले होते ना, त्यातला एक पाठव. कशाला म्हणाली. म्हटलं, इथे लोकांना दाखवायचाय.

आई म्हणाली, “वेडी का काय गं तू? उडालेलं छप्पर कुणी चारचौघांत मांडतं का? झाकली मूठ असू दे. नवे पत्रे घातले त्या दिवसाचा आहे बघ, नऊवारी नेसले होते मी, तो हवा तर दाखव.”

मी बरं म्हटलं. छप्पर उडालेला नको, नऊवारीतलाच पाठव, म्हटलं. आईने लगेच पाठवला, आणि वर पुन्हा फोन करून विचारलं की त्यात ती बरी दिसतेय ना.

माझ्या आईला नको म्हणता आलं. माझ्या मैत्रिणीची आई मात्र गावभर सांगत असेल की जपानात तिचा फोटो लागला, नव्या पत्र्यांसकट.