बिशप झालेले आमचे राजूरचे फादर

कामावर निघायच्या घाईत होतो, तेवढ्यात लच्चम्मा दाराशी येऊन उभी राहिली. ती राहते त्या खाणमजुरांच्या चाळीपासून आमचं घर चांगलं मैलभर लांब. ती चालत आली होती.

“बाबूजी, आपले फादर गेले जी. मिशनमध्ये तार आली.”

फादर इनास कावीळ होऊन गेले, दूर त्यांच्या धर्मप्रांतात. बिशप होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण राजूरच्या कोळसाखाणीत त्यांना बिशप कोणी म्हटलं नाही. या गोष्टीला आता सव्वा महिना होतो आहे.

छप्पन साली ते इथे आले, तेव्हा मी खाणीत हजेरीबाबू होतो. तेलंगणातून, छत्तीसगडातून, ओरिसातून माणसं कामाला येत. फादर वसईचे. इथला उन्हाळा त्यांना सोसायचा नाही, भर दुपारी नाकातून रक्त यायचं. तरी डोक्याला ओला पंचा बांधून चाळीत फिरायचे. आजाऱ्याला कोळशाच्या ट्रकमध्ये बसवून वणीच्या दवाखान्यात न्यायचे. मोडकीतोडकी तेलुगू बोलायचे, लोक हसले की स्वतःही हसायचे. चाळीत ख्रिस्ती घरं जेमतेम चार, मग बाकीच्यांच्या दारात हा माणूस काय करतो? माझी आई स्पष्टच म्हणाली, “बाटवाले आला असन तो. तू काहून जातं त्याच्यापाशी?” मीही दुरूनच नमस्कार करू लागलो…

दोन वर्षांनी खाणीत छत कोसळून एक मजूर गेला. हजेरीपटावर त्याचं नाव होतं ‘राजू’. प्रेत वर आणलं तशी लच्चम्मा धावत आली. हा आपला नवरा मल्लय्या, असं म्हणत ती आक्रोश करू लागली. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “मल्लय्या नावाचा माणूसच नाही इथं. राजूले कोणी नाही. बेवारस आहे, जाळून टाका. अन् या बाईले आजच चाळीतून काढा.”

फादर ऑफिसात आले. मला वाटलं, भांडतील. ते समोरच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, “बाबू, कामावर घेताना त्याने तुम्हाला काय नाव सांगितलं होतं?”

मल्लय्याच सांगितलं होतं… तीनदा. बापाचं नाव, गावही सांगितलं होतं. पण मुकादम मागून म्हणाला होता, “राजू लिहा, जिभेले सोपं पडते,” आणि मी लिहिलं होतं. पटावर असे चार राजू होते.

मुकादम दारातच उभा होता. घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी, मिळवता मी एकटा. फादरांनी पुन्हा विचारलं नाही, उठलेही नाहीत. मी पट ओढला, ‘राजू’वर रेघ मारली, ‘मल्लय्या’ लिहिलं, शेजारी त्याच्या बायकोचं नाव घातलं आणि खाली सही केली.

मल्लय्याला त्याच्या माणसांनी त्यांच्या रीतीने अग्नी दिला. फादरांनी तिरडीला खांदा दिला. मंत्र, प्रार्थना काही म्हटलं नाही. पटावर नाव आल्यामुळे लच्चम्माला कोणी चाळीतून काढू शकलं नाही. माझी मात्र आठवड्यात बत्तीघरात रवानगी झाली, खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे पुसायला. आजही मी तिथेच आहे. बदली झाली त्या संध्याकाळी फादर घरी आले, आईसमोर खाली बसले. “आई, तुमच्या मुलाला हे माझ्यामुळे भोगावं लागलं,” म्हणाले. आईने त्यांच्यापुढे ज्वारीची भाकर आणि झुणका ठेवला.

बिशप म्हणून त्यांचा मोठा सोहळा झाला, आम्हाला निमंत्रण होतं, जमलं नाही. महिन्याभरातच ते स्वतः आले, ट्रकने. गळ्यात क्रूस आणि पांढरा झगा कोळशाने काळा. नव्या ठिकाणी स्टेशनावर उतरणाऱ्या मजुरांसाठी धर्मशाळा बांधतो आहे, म्हणाले. दर वर्षी यायचे. गेल्या वर्षी डोळे पिवळे दिसले. मी विचारलं, तर विषय बदलला.

परवा मिशनमध्ये गेलो. त्यांची जुनी खोली बघावी, एवढंच मनात होतं. दार उघडंच होतं. आत बिलासपूरकडून आलेलं एक जोडपं, म्हातारी आणि तीन लेकरं. खुंट्यांवर लुगडी, कोपऱ्यात तवा, खाटेवर म्हातारी झोपलेली. नवे तरुण फादर माझ्याजवळ येऊन अवघडून म्हणाले, “त्यांची आठवण म्हणून खोली रिकामी ठेवायला हवी होती का हो?”

लच्चम्मा त्या बाईला चूल पेटवून देत होती. तिने मान वर केली.

“कायले जी?” ती म्हणाली. “ते होते तवाबी अशीच भरेल राहे.”