त्यानं पाणी घेतलं नाही

"आधी पाणी द्या, मग भांडू," असं म्हणत तो कुणाच्याही घरात शिरायचा. चपला उंबऱ्याबाहेर, आत चटईवर मांडी, आणि तांब्या उंच धरून वरूनच घटाघटा पाणी. ज्या घरचं पाणी प्यायलं, त्या घरातल्या माणसावर त्या दिवशी हात उचलायचा नाही, असा त्याचा नेम होता. त्यामुळे तो जिन्यात दिसला की आम्ही बायका आधी तांब्या भरायचो, आणि काय करून आलात हे नवऱ्याला नंतर विचारायचो.

पिंपरीच्या कामगार वसाहतीत मी लग्न होऊन आले ती सत्तर सालाच्या आसपास. आम्ही त्याला तोंडावर दादा म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही. तो जवळच्याच गावातला, जमीन कारखान्याखाली गेलेल्या घरातला. कंपनीत कामाला आहे म्हणे, पण त्याला शिफ्टला जाताना कुणी पाहिलं नव्हतं. खोल्या कागदावर सरकार द्यायचं, किल्ली मात्र त्याच्या हातून मिळायची. असा एखादा दादा तुमच्याही वस्तीत असेलच, तेव्हा जास्त सांगत नाही.

दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचा हात तो पिरगाळायचा, आणि वसाहतीमागचा दारूचा गुत्ताही त्याचाच होता. ही गोष्ट त्याला कधी टोचली नाही. आम्हाला टोचायची, पण वेळ आली की आम्हीही त्याचंच दार ठोठावायचो. अडला हरी, दुसरं काय.

आमच्या शेजारची खोली सोनवण्यांना त्यानंच मिळवून दिली. सोनवणे बीडकडचे, बौद्ध, कंपनीत फिटर. मजल्यावर कुरकुर झाली. नळावर त्यांच्या बायकोची, शांताबाईची घागर कुणीतरी पायानं बाजूला सारली. संध्याकाळी दादानं सगळा मजला बाहेर बोलावला आणि तिला म्हणाला, "वैनी, पाणी आणा." एरवी वरून पिणारा, त्या दिवशी तांब्या तोंडाला लावून प्यायला. मिशा पुसल्या. "मी बाटलो म्हणणारानं म्होरं यावं." कुणी आलं नाही. त्यानंतर तिच्या घागरीला कुणी हात लावला नाही, पाय तर नाहीच.

पुढे कंपनीत संप झाला. सोनवणे गेटसमोर उभे राहून बोलायला लागले, आणि बोलायचेही चांगलं. वसाहतीतली पोरं दादा ज्या ठेकेदाराकरवी कामाला लावायचा, त्या ठेकेदारानं दादाला निरोप धाडला: तो माणूस तुमच्यात राहत असेल, तर तुमचं एकही पोर आत घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. शांताबाई सवयीनं तांब्या घेऊन पुढे झाली. त्यानं तो घेतला नाही. चपलाही काढल्या नाहीत.

"वैनी, सामान बांधा."

"आमचं काय चुकलं, दादा?"

"चुकलं काय बी न्हाई. पर खोली सोडा."

मी माझ्या दारात होते. "दादा, लेकरं आहेत त्यांना," म्हटलं.

"तुमच्या दिरालाबी लेकरं हायेत. त्याला कामावर घ्यायचाय का न्हाई?"

मी दारातून मागे सरले. सोनवणे घरी परतले तेव्हा त्यांचं सामान जिन्याखाली होतं. कंपनीतलं कामही सुटलं. ते चाकणला गेले आणि तिथल्या कांदा बाजारात हमाली करायला लागले, असं कानावर आलं. त्यांच्या खोलीत दादाचा मेहुणा राहायला आला. पोरं कामावर लागली, माझा दीरही लागला. घरी पेढे आले. माझ्या वाटचा मी दिराच्या पोराला दिला.

त्यानंतर दादा आमच्याकडे आला तरी पाणी मागायचा नाही. एकदा मीच आणून पुढे ठेवलं, तर तसंच राहिलं. तांब्याकडे बघत म्हणाला, "लई घरच्या चुली पेटल्या, एक इझली. बरोबरच केलं न्हवं मी?"

मी तांब्या त्याच्यापुढे अजून थोडा सरकवला.

"तुमी व्हय म्हणा की, वैनी."

मला म्हणवलं नाही. पण त्या दिवशी त्याची जशी दया आली, तशी वसाहतीत कुणाचीच कधी आली नाही.

तो काविळीनं गेला. तोवर कुणी गेलं की बांबू, मडकं, टेम्पो सगळं तोच बघायचा. तो गेला तेव्हा बांबू कुठून आणतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुरुषमाणसं बराच वेळ नुसती उभी होती.

चाकणहून शांताबाई आली, एकटीच. "हे नाही आले. मनले, तू जा." त्याच्या बायकोच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की बघणाऱ्यांना नवल वाटलं. तिला चहाला घरी घेऊन येताना वाटेत तिची जुनी खोली लागली. दार उघडं होतं. सोनवण्यांनी भिंतीला ठोकलेली फळी अजून तिथंच होती, वर दुसऱ्यांची भांडी. ती थांबली.

"आत जाऊन बघू का जरा?"

"जा की," मी म्हटलं.

तिचा पाय उचलला नाही. "नको. विचारून जावं लागंल," ती म्हणाली. "आन् ज्याला विचारायचं, तो तर गेला."