चिखलातून उठलेली म्हातारी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीपुढे शाळा झाली नाही. ही वही कुणी उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

आम्ही पापड लाटणाऱ्या बायका हंगाम संपला की आपापल्या पैशांनी सिनेमाला जातो. कुठला, ते पाळीपाळीनं ठरवायचं. यंदा पहिल्यांदाच माझी पाळी आली. डायनासोरच्या सिनेमाचा पहिला भाग टीव्हीवर पाहून मी थक्क झाले होते, म्हणून भीतभीत दुसरा भाग सांगितला.

त्यात नुसती पळापळ आणि आरडाओरडा. शेजारच्या खुर्चीतल्या कमलवहिनी म्हणाल्या, "अगं, शेपूट एवढी लांब आणि गोष्ट बोटभर!" सगळ्या हसल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मग लांब मानेची एक म्हातारी मादी चिखलातून उठली. आधी एक पाय रोवला, थोडी थांबली, मग दुसरा. कमलवहिनी पोळपाटापासून उठतात अगदी तशी. आमची सगळी रांग पुढे वाकून बघू लागली. एवढं अवाढव्य जनावर, कुणीच न पाहिलेलं, त्याचेही गुडघे दुखत असतील हे कुणाला सुचलं असेल? ज्यानं ते जनावर पडद्यावर घडवलं, त्यानं आपल्या आईला उठताना नीट पाहिलं असणार. त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

बाहेर आल्यावर मी वहिनींपुढे तिकिटाचे पैसे धरले. "माझ्यामुळे वाया गेले तुमचे."

वहिनी गुडघा चोळत म्हणाल्या, "ठेव गं. ती म्हातारी उठली ना, तिथंच माझे सगळे पैसे फिटले."