सरांची बंदी

“नाहीतर रोज आंघोळ कोण करत बसलं असतं?”

हे वाक्य माझ्या सरांचं. ते आतल्या खोलीत बोलले आणि मी बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून ऐकलं. माझ्या मांडीवर झेंडूचा हार होता. खिशात त्यांच्या गौरवाचं भाषण.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली होती. सकाळी घरी साठीशांत झाली, संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार होता. माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं मी बोलणार होतो. मी आता सिल्लोडच्या हायस्कुलात शिकवतो. सरांना न्यायला रिक्षा घेऊन आलो होतो.

आत सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, सांगत होत्या, “हे धोतर बदलून जा हो. तिकडून आल्यावर पुन्हा देवापुढं बसायचंय. ती होस्टेलची मुलं पायांवर डोकी ठेवतील, मग?”

“ती पडायची नाहीत पाया,” सर म्हणाले. “पहिल्याच दिवशी बंदी घातलीय मी त्यांना. नाहीतर रोज आंघोळ कोण करत बसलं असतं?”

काकू हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, “आणि वर तीच मला क्रांतिकारक म्हणतात!”

होस्टेलची मुलं म्हणजे आम्ही. महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेली.

ती बंदी काय होती, ते सांगतो. कारण माझं सगळं आयुष्य त्या बंदीवर उभं होतं.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, औरंगाबादेत कॉलेजं निघाली. सर तेव्हा पुण्याकडून इथं शिकवायला आले. मी कन्नड तालुक्यातल्या गावाहून पुढं कितीतरी वर्षांनी त्यांच्या वर्गात आलो, तोवर त्यांचं मोठं नाव झालं होतं. जातीविरुद्ध बोलायला उभे राहिले की टाळ्या थांबत नसत. पहिल्या दिवशी मी कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत गेलो आणि वाकलो. माझ्या अंगातच ते होतं. पाटील दिसला की बाप चपला हातात घेऊन कमरेत वाकायचा आणि जोहार घालायचा. मी त्याच्या मागं वाकायचो.

सर झटकन मागं सरकले. म्हणाले, “वाकू नकोस. इथं कुणी कुणापुढं वाकत नाही.”

मी होस्टेलवर येऊन रडलो. माणसानं माणसाला असं काही सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं होतं. आम्ही ते वाक्य पत्रकांवर छापलं. सायक्लोस्टाइलच्या शाईनं हात काळे करून गावोगाव वाटलं. सरांनी मला पुस्तकं दिली, लिहायला लावलं, माझा पहिला लेख छापून आणला. हे खोटं नाही. आजही खोटं म्हणणार नाही.

सुट्टीत गावी गेलो आणि आबांना, म्हणजे बापाला, सरांचं वाक्य सांगितलं. आबांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, “एवढा शिकलेला मानूस म्हनतो, तर खरंच आसंल.” दुसऱ्या दिवशी पाटील समोरून आला. आबा उभे राहिले. नुसते उभे.

गावानं आम्हाला काम देणं बंद केलं. दुकानदार मीठ देईना. गिरणीत दळण घेईनात. आईनं जात्यावर ज्वारी भरडली आणि आम्ही कण्या खाल्ल्या. पाटलाच्या पोरानं आबांना चावडीपुढं मारलं. डावा खांदा तेव्हापासून वर होत नाही. पण आबा पुन्हा वाकले नाहीत, आणि त्यांच्या मागं आख्ख्या वस्तीनं जोहार सोडला. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, “माझ्या पोराच्या सरानं सांगितलंय.”

आणि सरांनी सांगितलं होतं ते आंघोळीच्या कंटाळ्यानं.

तिथं खुर्चीवर एकेक गोष्ट आठवायला लागली. आम्ही घरी गेलो की सर स्वतः बाहेर येऊन व्हरांड्यात बसायचे. आम्ही म्हणायचो, बघा, एवढा मोठा माणूस आपल्यासाठी बाहेर येतो. वकिलांची, व्यापाऱ्यांची पोरं सरांच्या पाया पडायची आणि सर त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. तेही आम्ही पाहिलं होतं. आम्ही एकमेकांना समजावलं की त्या पोरांच्या डोक्यात अजून जुनं आहे, म्हणून सर त्यांना पडू देतात. आपण त्यांच्या पुढं गेलोय. आम्ही पुढं गेलोय! ज्या हातानं आम्हाला लांब ठेवलं, त्यालाच आम्ही आधार समजलो. अशी चूक फक्त आम्हीच करू शकतो. ज्याला जन्मभर हाड्‌ हाड्‌ ऐकावं लागलं, त्याला ‘लांब थांब’ हेसुद्धा गोड शब्दांत सांगितलं की सन्मान वाटतो.

सर बाहेर आले. “चल रे.” मी हार उचलला. सर रिक्षात मागं बसले. मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकलो.

ड्रायव्हर म्हणाला, “पीछे जगा है ना भाई, मेरे बाजू में कायकू लटकते?”

“असू दे,” मागून सर म्हणाले. “त्याला सवय आहे.”

हॉल भरला होता. आबा गावाहून एस्टीनं आले होते. शहागंजच्या बाजारातून नवा पटका घेऊन, तो बांधूनच आले होते. तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. त्यांना सरांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं.

हार सुरू झाले. एकेक जण वाकत होता, सर डोक्यावर हात ठेवत होते. मग माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो, माइकपुढं उभा राहिलो, खिशातून भाषण काढलं. पहिलं वाक्य होतं, ‘सरांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं.’ ते तोंडातून बाहेर येईना.

तेवढ्यात आबा स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसले. डोळे भरलेले. माझ्याजवळून जाताना पुटपुटले, “बाकी कुनाला नाय. पन ह्या देवाला एकदा डोकं टेकवतो.”

पाटलापुढं न वाकलेला माणूस. मार खाल्लेला, कण्या खाल्लेला. तो सरांपुढं वाकायला लागला. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “अरे बाबा, नको नको.” चेहऱ्यावर हसू, आणि पाय आणखी आत.

माझ्या मनात आलं, वाकू दे. धरू दे दोन्ही पाय घट्ट. करू दे सरांना रात्री आंघोळ. फार गोड वाटलं ते क्षणभर.

पण त्यांना बाटवण्यासाठीसुद्धा माझा बाप का वाकावा?

मी आबांचा चांगला खांदा धरला. “आबा, वाकू नका.”

आबा माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना सरळ उभं केलं आणि माइकमध्ये बोललो, “सरांनी आज घरी विचारलं, ही मुलं पाया पडली असती तर रोज आंघोळ कोण करत बसलं असतं? सर, आता काळजी नको. आमच्यातलं कुणी वाकणार नाही.”

काही जण हसले, त्यांना विनोद वाटला. मग हसू थांबलं. सर खाली बघत होते. सूत्रसंचालकानं घाईनं माइक घेतला, “भावनेच्या भरात आपले मित्र...” मी आबांना घेऊन खाली उतरलो.

आबा माझ्यासोबत एस्टी स्टँडवर आले. बाकावर बसल्यावर म्हणाले, “खरंच तसं बोलला त्यो?”

“व्हय.”

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. “गावात सांगू नको. समद्यांना म्या त्याचं नाव सांगितलंय. उद्या कळलं तर पाटील म्हनंल, बघा, तुमचा सरबी आमच्यातलाच निघाला. लोकं पुन्हा वाकतील रं.”

आबांचं भय खोटं नाही. तरी मी सांगणार आहे. हे सगळं लिहिलेला हा कागद वस्तीत वाचला जाईल, आबांसमोर, आणि मीच वाचीन. सर एक शब्द बोलले आणि खुर्चीवर बसले. मीठ आमचं बंद झालं. खांदा आबांचा गेला. आमची पाठ आबांनी सरळ केली. मग सरांच्या नावानं ती का उभी राहावी?

सरांनी दिलेली पुस्तकं माझ्याकडं आहेत, ती मी परत करणार नाही. त्यांनी शिकवलेलं लिहिणं मी सोडणार नाही. त्याच लिहिण्यानं हे लिहिलंय. आभार मात्र मानणार नाही. सभेत नाही, त्यांच्या मरणानंतरच्या शोकसभेतही नाही.