नळदुर्गच्या पाण्यापाशी मारलेली हाक

आज सुनेनं दुधाविना चहा केला आणि त्या वासानं मला नळदुर्गचा किल्ला आठवला.

निजामाच्या राज्यात आमच्या मुरुम गावात एक चिनी जोडपं राहायचं. नवरा सायकलवरून रेशमी कापड विकायचा. त्यांच्या मुलखात लढाई पेटल्यानं त्यांना परत जाता येत नव्हतं. एका श्रावणात आम्ही त्यांना मोटारीनं नळदुर्ग दाखवायला नेलं. चिनी बाईंनी सगळ्यांना कोरा चहा दिला आणि किल्ल्यातलं कोसळतं पाणी बघून त्या रडायलाच लागल्या.

"भ्याल्या व्हय?" बाबांनी विचारलं.

"न्हाय. तिच्या आईच्या गावात असंच पाणी हाय," नवरा म्हणाला.

माझी आई कानडी मुलखातली, तिची आई केव्हाच वारलेली. ती बाईंजवळ सरकली. "तुमच्यात आईला काय म्हणत्यात?"

"मा."

"आमच्यात अव्वा." असं म्हणून आईनं पाण्याकडं तोंड करून जोरात हाक मारली, "अव्वा!" बाईंनीही डोळे पुसून हाक दिली, "मा!" मग दोघी हसत सुटल्या.

मला तो खेळच वाटला. मीही ओरडले, "आई!"

"ओ," आई म्हणाली आणि तिनं मला जवळ घेतलं.

तिघींपैकी ओ फक्त मलाच मिळाली, हे कळायला माझी आई जावी लागली.