बंड्याची जीभ

आज सकाळी बंड्याने जे केलं ना, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये!

बंड्या आमचा तेरा वर्षांचा कुत्रा. किडन्या गेल्यात त्याच्या. नेहमीच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून आम्ही चिनी जडीबुटी देणाऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी मांडीच्या आतून नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि तपकिरी पूड दिली. जीभ गुलाबी व्हायला लागली की गुण येतोय समजायचं, म्हणाल्या.

पूड भयंकर कडू आहे, मी चाखली ना! आई ती तुपात कालवते.

"घे रे सोन्या, औषध आहे ते."

"आई, औषध म्हणजे काय ते त्याला कळणारे का?"

"आणि तुला फार कळतंय! गुण येणार का, सांग बघू."



माणसाला निदान म्हणता येतं, जरा सोस, बरं वाटेल. याला कसं सांगू? आज त्याने चिकन नुसतं हुंगून सोडलं. मग मी तळहातावर पूड धरली, तर माझ्या रडून सुजलेल्या डोळ्यांत बघत सगळी चाटून टाकली, वर शेपटीही हलवली! जीभ पांढरीफटकच होती.

त्याला बहुतेक वाटतंय, त्याने हे खाल्लं की मी बरी होईन.